चाकाखालची उटी

राजुऱ्याच्या आमच्या घरी ओट्याच्या पायरीजवळ एक काळा दगड पडलेला असतो. एका बाजूने सपाट, दुसऱ्या बाजूने उतरता. नवा पाहुणा हमखास त्याला ठेचकाळतो आणि हा इथे कशाला, म्हणून विचारतो. आम्ही त्याला उटी म्हणतो. उटी म्हटले की कुणाला चंदन आठवेल, कुणाला थंड हवेचे ठिकाण. ही उटी वेगळी. उतारावर बंडी उभी केली की चाकाखाली जो दगड किंवा लाकडाचा ठोकळा सारतात ती उटी. बैल सोडण्याआधी उटी लावायची, हा आपल्याकडचा वाहतुकीचा बहुधा सर्वांत जुना नियम असावा. कोणत्याही सरकारने तो केलेला नाही.

मी कवितेचा माणूस. मोटारीचे गिअर आणि ब्रेक यांवर माझ्याकडून पंधरा मिनिटे बोलवून घ्यावीत असे आकाशवाणीतल्या मित्राला का वाटले, हे पुढे येईलच. पण माझे वडील, आमचे अब्बा, आयुष्यभर स्टिअरिंगवर होते. माझ्या लहानपणी घरात गझलेपेक्षा क्लचप्लेटची चर्चा जास्त व्हायची.

अब्बा १९५५ च्या सुमारास, वयाच्या चौदाव्या वर्षी, एका लॉरीवर क्लीनर म्हणून लागले. तेव्हा राजुरा तालुका हैदराबाद राज्यातल्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ मध्ये राज्य पुनर्रचना झाली आणि तो मुंबई राज्यातल्या नांदेड जिल्ह्यात गेला. १९५९ मध्ये तो चांदा जिल्ह्याला जोडला गेला. गाव जागचे हलले नाही, जिल्हे मात्र चार वर्षांत तीन झाले. अब्बांचे उस्ताद निजामाच्या अमलातल्या मोटारखात्यात शिकून आलेले होते. निजामाच्या रेल्वेने १९३२ मध्ये २७ गाड्यांनिशी बससेवा सुरू केली होती. आपल्या एसटीची पहिली गाडी पुण्याहून तेव्हाच्या अहमदनगरला धावली ती १ जून १९४८ रोजी. म्हणजे सरकारी बस हा प्रकार आमच्या बाजूच्या लोकांना सोळा वर्षे आधीपासून ठाऊक होता. हे सांगताना अब्बांचा चेहरा असा काही फुलायचा की जणू त्या बसगाड्या त्यांनीच विकत घेतल्या होत्या.

त्या काळची लॉरी पुढून हँडल मारून सुरू करावी लागे. गाडी गिअरमध्ये राहिलेली असली आणि इंजिन पेटले, तर ती सरळ हँडल मारणाऱ्याच्या छातीवर येई. असे मेलेले आणि कायमचे अधू झालेले क्लीनर अब्बांनी पाहिले होते. म्हणून उस्तादांची शिस्त होती. क्लीनरने पुढे उभे राहून ओरडायचे, "न्यूट्रल?" उस्तादांनी गिअरचा दांडा डावीकडे उजवीकडे हलवून दाखवायचा आणि "न्यूट्रल!" म्हणून उत्तर द्यायचे. मगच हँडलला हात. उत्तर आले नाही तर हात लावायचा नाही, मालक समोर उभा असला तरी नाही. क्लीनरचे दुसरे काम गुटक्याचे. गाडी चढावर दम टाकू लागली की लाकडी गुटका घेऊन खाली उडी मारायची आणि मागच्या चाकापाठी धावत राहायचे. गाडी थांबताक्षणी गुटका आत. गुटका नसला तर रस्त्याकडेचा दगड. ते दगड नंतर तसेच रस्त्यावर सोडून जायची वाईट खोड मात्र आपल्या ट्रकवाल्यांना आजही आहे. रात्रीच्या वेळी त्यांवर आदळून किती मोटरसायकलवाले पडतात, ते कुणीही ट्रकवाला थांबून पाहत नाही.

ही ओरडाओरड म्हणजेच आजच्या मोटारीतल्या त्या इंटरलॉक नावाच्या गोष्टीची आजी, असे माझे मत आहे. इंटरलॉक म्हणजे काय, तर एक गोष्ट झाल्याशिवाय दुसरी होऊ द्यायची नाही. मराठीत मी त्याला अडसर म्हणेन. दाराला आतून लावायचा तो अडसर.

हा अडसर यंत्रात प्रथम नीट बसवला तो रेल्वेने. माझे एक मामू केबिनमन होते. लहानपणी त्यांच्याबरोबर मी एकदा केबिनचा जिना चढलो होतो. आत माणसाच्या छातीपर्यंत येणाऱ्या लोखंडी दांड्यांची रांग. मामूंनी मला एका लाल दांड्याला लोंबकळायला सांगितले. दांडा तसूभर हलला नाही. मग त्यांनी शेजारचा एक काळा दांडा ओढला आणि म्हणाले, "अब खींच." या वेळी तो लाल दांडा आला. काळ्या दांड्याने रूळ जुळतात आणि लाल दांड्याने सिग्नल पडतो. रूळ जुळल्याशिवाय सिग्नल पडूच नये, यासाठी त्या दांड्यांच्या खाली लोखंडी पट्ट्यांचे एक जाळे असते आणि त्यांतल्या खाचा एकमेकींना अडवतात. इंग्लंडमध्ये जॉन सॅक्सबी नावाच्या माणसाने या प्रकारचे पेटंट १८५६ मध्ये घेतले. केबिनमन झोपेत असो, दुःखात असो, नाही तर नव्याने लागलेला असो, त्याच्या चुकीला तिथे वाटच ठेवलेली नव्हती.

मोटारीला मात्र हे शहाणपण यायला फार उशीर लागला.

अमेरिकेत आपोआप गिअर बदलणारी, सर्वसामान्य माणसाला विकत घेता येईल अशी गाडी १९३९ मध्ये आली. ओल्ड्समोबिल कंपनीच्या १९४० च्या मॉडेलांत बसवलेल्या त्या गिअरपेटीचे नाव हायड्रामॅटिक. क्लचचे पेडल गेले, डावा पाय रिकामा झाला. गंमत म्हणजे त्या गाडीला 'पी' नव्हता. पी म्हणजे पार्क. गाडी उभी करायची तर इंजिन बंद करून दांडा रिव्हर्सवर ठेवायचा, मग आत एक खुंटी दात्यात अडके. पुढे पी आला, पण दांड्यावरचा अक्षरांचा क्रम एका कंपनीचा एक आणि दुसरीचा दुसरा. शेजाऱ्याची गाडी घेतली की पुढे जायच्या ऐवजी मागे. मागे जायचा आणि पुढे जायचा गिअर यांच्यामध्ये न्यूट्रल असलाच पाहिजे, हा नियम अमेरिकेत १९६८ मध्ये लागू झाला. तोपर्यंत किती भिंती पडल्या असतील ते अल्ला जाणे.

पी मध्ये नेमके काय होते ते सांगतो, कारण पुष्कळ जणांना तो ब्रेकच वाटतो. गिअरपेटीतून चाकांकडे जाणाऱ्या दांड्यावर एक दातेरी चक्र असते. दांडा पी वर नेला की एक जाड खुंटी त्या दात्यांत पडते. बस, एवढेच. सगळ्या गाडीचे वजन त्या बोटभर खुंटीवर. म्हणजे ही उटीच, फक्त चाकाखाली न लावता पोटात लावलेली. म्हणूनच आधी हँडब्रेक ओढून मग पी लावावा म्हणतात.

या खुंटीवरून मोठी भांडणे झाली. फोर्डच्या गाड्यांत दांडा पी आणि रिव्हर्सच्या मधोमध अडकतो, चालकाला पी लागला असे वाटते आणि तो उतरला की गाडी थरथरून रिव्हर्समध्ये घसरते, अशा तक्रारी सत्तरच्या दशकात साचत गेल्या. लोक दगावले. १९८० मध्ये सरकारशी तडजोड झाली ती अशी, की कंपनीने सुमारे २ कोटी ३० लाख गाड्यांच्या मालकांना डॅशबोर्डवर लावायला इशाऱ्याची एकेक चिकटचिठ्ठी पाठवावी. चिठ्ठी! आमच्या उस्तादांनी हे ऐकले असते तर ती चिठ्ठी कुठे चिकटवा म्हणाले असते, ते इथे छापता येणार नाही.

ब्रेकचा अडसर आला तो दुसऱ्या एका प्रकरणातून, आणि ते प्रकरण मला सर्वांत जास्त विचार करायला लावते. ऑडी ५००० नावाची जर्मन गाडी अमेरिकेत खपत होती. ऐंशीच्या दशकात तक्रारी येऊ लागल्या की दांडा पी मधून काढला की गाडी आपोआप उसळते, ब्रेक दाबला तरी थांबत नाही. २३ नोव्हेंबर १९८६ रोजी सीबीएस वाहिनीच्या '६० मिनिट्स' या कार्यक्रमाने ते घराघरांत नेले. कुणाचे मूल गेले होते. आया रडताना दिसल्या. कार्यक्रमात एक गाडी चालकाविना पेडल खाली घेताना दाखवली गेली. तिच्यात मुद्दाम फेरफार करून बाहेरून दाब सोडलेला होता, हे मागाहून उघड झाले. कंपनी म्हणत होती, गाडीत दोष नाही, चालकाचा पाय चुकतो. १९८९ मध्ये सरकारी तपासणीचा निष्कर्षही साधारण तोच निघाला. ब्रेक समजून लोकांनी ॲक्सिलरेटर दाबला होता. गाडी उसळली की माणूस घाबरतो, आणि घाबरलेला माणूस दाबलेला पाय उचलत नाही, अधिक दाबतो. तोवर ऑडीचा अमेरिकेतला खप कोसळला होता. १९८५ मध्ये चौऱ्याहत्तर हजारांवर असलेला आकडा १९९१ मध्ये बारा हजारांवर आला.

इथे दोन्ही बाजू खऱ्या होत्या, असे मला वाटते. पाय चुकला, हे खरे. पण एकाच प्रकारच्या गाडीत इतक्या जणांचे पाय चुकत असतील तर पायाला काय म्हणून दोष द्यायचा? ज्या बाईचे मूल तिच्याच गाडीखाली गेले, तिला 'तुमचा पाय चुकला' असे सांगणारी कंपनी तांत्रिकदृष्ट्या बरोबर असली, तरी लोक तिला माफ करत नाहीत. उपाय शेवटी अगदी साधा निघाला. ब्रेकवर पाय असल्याशिवाय दांडा पी मधून सुटणारच नाही, असा अडसर त्या गाड्यांना बसवून दिला. पाय ब्रेकवर आहे म्हणजे तो ॲक्सिलरेटरवर नाही. न्यूट्रल? न्यूट्रल! तसे झाल्या तक्रारीही ओसरल्या. पुढे इतर कंपन्यांनी तो अडसर घेतला. आईबापांची नजर चुकवून गाडीत शिरलेली मुले दांडा ओढतात आणि गाडी घरंगळते, अशा घटनांनंतर अमेरिकेने २००८ मध्ये कायदा केला आणि १ सप्टेंबर २०१० पासून तो अडसर सक्तीचा झाला.

आता हा अडसर चालतो कसा? दांड्याजवळ विजेने खेचली जाणारी एक छोटी कडी असते. ब्रेक दाबला की पेडलजवळचा एक स्विच लागतो. त्याच स्विचने गाडीचा मागचा लाल दिवा पेटतो, आणि त्याचीच वीज कडी उघडते. म्हणजे एवढ्या मोठ्या गाडीची सुटका पाचशे-सातशे रुपयांच्या स्विचवर.

आमच्या शेजारचे गुरुजी याचे साक्षीदार. लहानपणी पोलिओने त्यांचा डावा पाय गेला. अडतीस वर्षे शाळेत गेले ते दुसऱ्याच्या मोटरसायकलवर मागे बसून. येणाऱ्याला उशीर झाला की यांना उशीर, आणि बोलणी यांना. निवृत्तीनंतर त्यांनी जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली. क्लच नाही, म्हणजे डाव्या पायाची गरज नाही. पहिल्या दिवशी ते एकटेच गाडी घेऊन वर्धा नदीच्या पुलापर्यंत गेले आणि परत आले. काही काम नव्हते. एकटे जाता येते एवढेच पाहायचे होते. तर हीच गाडी एकदा चंद्रपूरच्या भर बाजारात पी मध्ये अडकली. इंजिन सुरू, ब्रेक दाबलेला, दांडा हलेना. मागे हॉर्नचा गजर. लोक खाली उतरून ढकला म्हणू लागले, पण पी मधली गाडी ढकलली जात नाही. गुरुजी कुबडीशिवाय उतरूही शकत नव्हते. शेवटी एक पानठेलेवाला पोरगा आला. मागे जाऊन म्हणाला, "गुरुजी, ब्रेक मारा." लाल दिवा पेटला नाही. पोराने दांड्याजवळचे एक प्लॅस्टिकचे बारीक झाकण नखाने उचकटले, आत किल्ली खुपसून दाबली, आणि दांडा सुटला. स्विच गेला होता. प्रत्येक ऑटोमॅटिकवाल्याने आपल्या गाडीत ते छिद्र कुठे आहे ते आजच पाहून ठेवावे. नव्या गाड्यांत ते कधी आसनाखाली वगैरे असते आणि काही गाड्यांत नसतेच, म्हणून पुस्तिका वाचावी. आणि ते छिद्र वापरण्याआधी हँडब्रेक ओढावा, कारण त्या क्षणी अडसर आपण स्वतः काढत असतो.

नव्या गाड्यांत तर दांडाच राहिलेला नाही. जे दिसते ते गोल बटण किंवा अंगठ्याएवढी काडी. तिच्यापासून गिअरपेटीपर्यंत लोखंडाचे काही जात नाही, फक्त तार जाते. आपण काडी हलवतो तो गाडीतल्या संगणकाला केलेला अर्ज असतो. तो मंजूर करायचा की नाही हे संगणक ठरवतो. गाडी चालत असताना पी मागितला तर तो देत नाही, आणि ते बरोबरच आहे. पण अर्ज फेटाळल्याचे चालकाला कळले पाहिजे ना? जुना दांडा पी वर असला की पी वरच दिसे, हाताला कळे, अंधारातही कळे. ही नवी काडी सोडली की आपली मधोमध परत येऊन उभी. चेहऱ्यावर काही नाही.

फियाट क्रायस्लरच्या अशा काडीच्या अकरा लाखांहून अधिक गाड्या एप्रिल २०१६ मध्ये दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचे जाहीर झाले. लोक पी लागला समजून उतरत आणि गाडी घरंगळे. १९ जून २०१६ रोजी लॉस एंजेलिसमध्ये अँटन येल्चिन हा 'स्टार ट्रेक' चित्रपटांतला २७ वर्षांचा नट आपल्याच घराच्या उतारावर, आपल्याच जीप ग्रँड चेरोकीने चिरडला जाऊन गेला. ती गाडी परत बोलावलेल्यांपैकीच होती. गाडीतून उतरताच ती आपोआप पी मध्ये जावी, असा बदल त्यानंतर त्या गाड्यांत करून देण्यात आला. निघतानाचा अडसर तीस वर्षांपूर्वी लागला होता, उतरतानाचा राहून गेला होता. पूर्वी पी शिवाय किल्लीच निघत नसे. मग किल्ली खिशात ठेवून बटणाने सुरू होणारी गाडी आली आणि तो जुना अडसर कुणाच्या ध्यानात न येता निकामी झाला.

आता माझी गोष्ट. २०१९ ची ईद. नागपूरहून भाचा नवी गाडी घेऊन आला होता. मी गाडी शिकलो ती पुण्याला, मुलीच्या ऑटोमॅटिकवर. म्हणून मोठ्या ऐटीत भाच्याची गाडी घेऊन नमाजला गेलो आणि परत येऊन घरासमोर लावली. आमची गल्ली नाल्याकडे उतरते. उतरताना मी पी शोधला. पी नव्हता. आर, एन, डी एवढेच. मला वाटले एन म्हणजेच तो असेल. एन वर ठेवले, इंजिन बंद केले, हँडब्रेक ओढला असे वाटले आणि गळाभेटी घ्यायला निघालो.

भाच्याची गाडी एएमटी होती. २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओपासून आपल्याकडे या गाड्या सर्वसामान्यांत आल्या. तिच्यात गिअरपेटी साधीच, क्लचही साधाच. फक्त ते दाबायचे आणि बदलायचे काम माणसाऐवजी यंत्र करते. स्वस्त पडते, पेट्रोल कमी लागते. सुरू करताना आणि गिअरमध्ये टाकताना ब्रेक दाबावाच लागतो, म्हणजे तो अडसर आहे. पण पोटातली ती खुंटी नाही. अशी गाडी उतारावर लावायची तर डी किंवा आर मध्ये ठेवूनच इंजिन बंद करायचे आणि हँडब्रेक पूर्ण ओढायचा. हे मला कुणी सांगितले नव्हते. विचारले असते तर भाच्याने सांगितले असते, हेही खरे.

गाडीच्या खालच्या अंगाला, नाल्याच्या कठड्यावर, मोहल्ल्यातली चार पोरे शीरखुर्म्याच्या वाट्या घेऊन बसली होती. त्यांत माझा नातूही होता. मी कुणाच्या तरी गळ्यात हात टाकलेला. कर्र असा आवाज आला आणि मी वळलो. गाडी वीतभर पुढे सरकून थांबली होती. पुढच्या चाकाखाली तो काळा दगड.

अब्बा ओट्यावर खुर्चीत बसलेले. तेव्हा वय अठ्ठ्याहत्तर, नजर अधू. मी उतरून गेल्यावर त्यांनी शेजारच्या पोराकडून दगड लावून घेतला होता. घरासमोर कुणाचीही गाडी लागली की ते लावून घेत, आम्ही हसायचो. मी पांढरा पडून त्यांच्यासमोर उभा राहिलो. ते मला काही बोलले नाहीत. भाच्याला हाक मारून म्हणाले, "किल्ली अपने पास रख." मग चहा मागितला. अब्बा २०२१ मध्ये गेले.

गेल्या महिन्यात गुरुजींना नवी गाडी घ्यायची होती, म्हणून त्यांच्यासोबत चंद्रपूरला गेलो. विक्रेता तरुण होता, पडदा किती इंचांचा, गाणी कशी वाजतात ते सांगत होता. गुरुजींनी वही काढली. पी आहे का? गाडी डी मध्ये असताना दार उघडले तर ती काय करते? बॅटरी उतरली तर पी मधून काढायची कशी? तरुण गडबडला. म्हणाला, "काका, हे कुणी विचारत नाही." आत जाऊन त्याने कुणाला तरी फोन लावला. वीसेक मिनिटांनी पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे आली, तिसऱ्यासाठी सोमवारी या म्हणाले. गुरुजींनी वहीत सोमवार लिहून घेतला.